चिंचेची विहीर मोजायची राहिली

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचताना सगळ्यांचं लक्ष प्रिंटरकडे जाईल आणि मी त्याच्या आड लपून जाईन. आजवर तेच करत आलो.

चाकूरला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि टायपिंगचं दुकान आहे. वीसेक वर्षं झाली. घरी रोज लिंगपूजा होते, कपाळाला भस्म लागतं. पण भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही. माझ्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला कारण असतं. मशीन चालू होत नाही – सप्लाय बघा. आवाज करतं – रॅम काढा, खोडरबरनं पुसा, परत बसवा. कारण सापडतंच. या एका गोष्टीचं सापडलेलं नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षीची गोष्ट. फाल्गुन संपत आला होता. सुजाताताई रिक्षात घालून एक जुना कॉम्प्युटर घेऊन आल्या. चाकूरपासून दहा-बारा किलोमीटरवर त्यांचं गाव. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. त्या तिथंच अंगणवाडीत शिकवतात. त्यांचे वडील दादाराव मार्गशीर्षात वारले होते. भूजल मोजणाऱ्या सरकारी खात्यात ते शिपाई होते. माझ्या दुकानात टायपिंगचे कागद घ्यायला यायचे, म्हणून तोंडओळख.

"अप्पा, हा बाबांचा," ताई म्हणाल्या. "विहारातल्या लेकरांना यावर शिकवायचंय. पण चालू व्हायलाच अर्धा तास घेतो. ती दुसरी सिस्टीम असते म्हणे, फुकटवाली... ती यावर चालंल का, तेवढं बघा."

माझ्या दुकानाच्या अर्ध्या फळीवर गफूरभाई घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच मशीनकडे पाहिलं.

"अप्पा, इसको सिस्टीम मत डालो. इसको पेन्शन चालू करो."

ताई हसल्या. जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "आत बाबांचं काही असंल तर तेवढं काढून ठेवा हं."

"हाव ताई," मी म्हणालो.

जुन्या मशीनवर ती फुकटवाली सिस्टीम, म्हणजे लिनक्स, चालते का, हे बघायची पद्धत साधी आहे. सीडी घालायची आणि तिच्यावरूनच मशीन चालू करायचं. पडद्यावर दोन पर्याय येतात – नुसतं चालवून बघा, किंवा बसवा. नुसतं चालवून बघताना आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. माउस हलतो का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, हे बघून घ्यायचं. मग डिस्क उघडायची, त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवायचं, आणि सगळ्यात शेवटी बसवायचं. आधी बघा, मग काढा, मग पुसा. दुकानात शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी हेच तीन शब्द घोकायला लावले आहेत.

मशीनची रॅम जेमतेम पाचशे बारा एमबी, पण हलकी सिस्टीम त्यावर बरी चालली. गफूरभाईंनाही कौतुक वाटलं. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. उदगीर जिल्हा होणार अशी हवा पुन्हा उठली होती, आणि आता काढलेले दाखले नव्या जिल्ह्यात चालतील का, हे जो तो मलाच विचारत होता, जणू जिल्हा माझ्या दुकानात टाईप व्हायचा आहे. त्यात लाईट जायची वेळ झालेली. मी डिस्क उघडली. एकच फोल्डर. फायलींना नावं नाहीत, नुसते आकडे. एक उघडली – आत सगळा कचरा. इंग्रजी अक्षरं, मध्येच पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह, टोप्या घातलेले ए आणि ई. दुसरी उघडली, तीही तशीच. पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसचे ते दिवस होते. फायली खाल्ल्या, असं मी मनाशी म्हटलं, आणि 'पूर्ण डिस्क पुसून बसवा' यावर बोट ठेवलं.

वीस मिनिटांत काम झालं. ताईंना एक फोनही केला नाही.

दोन दिवसांनी ताई पेनड्राइव्ह घेऊन आल्या.

"सिस्टीम बसली ताई, मस्त चालते," मी म्हणालो.

"बरं झालं. आता बाबांच्या विहिरींच्या फायली तेवढ्या यात घालून द्या. परवा गावात बैठक आहे."

"कसल्या विहिरींच्या?"

मग त्यांनी सांगितलं. दादाराव रिटायर झाल्यापासून गावातल्या विहिरी मोजायचे. दर पौर्णिमेला. सकाळी विहारात वंदना झाली की खांद्याला पिशवी लावायची, पिशवीत लांब टेप आणि खडू. टेपच्या टोकाकडच्या काही फुटांना खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा, वर ओढायचा. खडू जिथपर्यंत ओला, तिथपर्यंत पाणी. आकडा पाटीवर लिहायचा, घरी येऊन कॉम्प्युटरवर मराठीत टाईप करायचा, खाली एका ओळीचा शेरा लिहायचा आणि पाटी पुसून ठेवायची. बारा-तेरा वर्षं एक पौर्णिमा चुकली नाही म्हणे.

मराठीत टाईप करायचा... हे कानावर पडलं आणि माझ्या लक्षात आलं. तो कचरा नव्हता. जुन्या फॉन्टमधलं मराठी होतं. तो फॉन्ट मशीनवर नसला की अक्षरं तशीच दिसतात – पौंडाची खूण, टोप्या घातलेले ए. मी स्वतः आयुष्यभर त्याच फॉन्टमध्ये अर्ज टाईप केले आहेत. चाकुरात एकाला ते ओळखू यायला हवं होतं, तर ते मला.

"काय झालं अप्पा?"

"ताई... डिस्क आधीच गेलेली होती. काहीच उघडलं नाही."

त्या बराच वेळ पेनड्राइव्हची टोपी लावत, काढत बसल्या. मग म्हणाल्या, "हाव का... मग तुम्ही तरी काय करणार." जाताना म्हणाल्या, विहारातलं टेबल तयार होईपर्यंत मशीन इथंच राहू द्या.

त्या गेल्यावर मी पुसलेलं परत मिळवायची सॉफ्टवेअरं लावून तीन दिवस झटलो. हाती एक अक्षर आलं नाही. नवी सिस्टीम त्याच जागेवर बसली होती.

बैठकीत काय झालं ते मला आठवड्याभरानं ताईंकडूनच कळलं. त्या आता प्रिंटर घेऊन आल्या होत्या. दादारावांचा जुना, टिकटिक करत ओळी छापणारा, सुया आपटणारा प्रिंटर. नव्या सिस्टीमवर तो चालतो का, हे बघायचं होतं.

"गावानं एकच विहीर उपसायची ठरवलंय," त्या सांगत होत्या. "सगळ्यांनी मिळून राबायचं, गाळ काढायचा, खोल न्यायची. एकीच्या वर विहिरी उपसायची ताकद न्हाई. मी म्हणलं, आमच्या वस्तीमागची चिंचेची घ्या. बाबा म्हणायचे, तिचं पाणी कमी असतं पण उन्हाळाभर हालत न्हाई, खाली झरा आहे. तर आमचे सरपंच, बालाजीराव, म्हणले, ते डबकं आहे, चार घागरीत संपंल. मी म्हणलं, बाबांचे आकडे आहेत. म्हणले, दाखव."

गफूरभाईंनी चिमटा खाली ठेवला.

"मी म्हणलं, मशीन खराब झालं. तर सगळे हसले, अप्पा. एकजण म्हणला, आपल्या दाराशी विहीर पाहिजे म्हणून बापाचं नाव सांगायली. मारुतीच्या देवळाजवळची विहीर ठरली. आता रोज साठ-सत्तर माणसं उतरतात तिथं. मी पण जाते टोपली उचलायला. न गेले तर अजून बोलतील."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण निघालं ते असं – "ताई, प्रिंटर ठेवून जा, बघतो."

प्रिंटरची शाईची रिबन पार सुकली होती, ती काढून टाकली. नवी लातूरहून मागवायची होती. पण सिस्टीम प्रिंटरला ओळखते का, एवढं बघायला रिबन लागत नाही. डोकं हललं म्हणजे ओळखला. मध्ये कामं आली, आठ-दहा दिवस तसेच गेले. चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, मी माझ्याकडच्या नव्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद घातला आणि टेस्ट पेजचं बटण दाबलं.

या सिस्टीमचं टेस्ट पेज मला पाठ आहे. वर एक चिन्ह, चौकट, चार ओळी इंग्रजी. प्रिंटरनं ते छापलं नाही. डोकं सलग ओळीच्या ओळी करत राहिलं, थांबत थांबत, कुणी बोटानं शोधत टाईप करावं तसं. कागद बाहेर आला. रिबन नाही, म्हणून पांढराच. पण सुयांचे वळ उमटले होते. मी तो उन्हाकडे तिरपा धरला. वर आडवी रेघ दिसली. शिरोरेघ. देवनागरी होतं ते.

"गफूरभाई, जरा बघा."

त्यांनी भिंग लावलं, कागद नाकाशी धरला आणि दाराशी जाऊन सावकाश वाचायला लागले. "चैत्र... पौर्णिमा. मारुतीची... कोरडी, खोदकाम चव्वेचाळीस फूट. शाळेची, कोरडी. पाटलाची, कोरडी. चिंचेची... चौतीस फुटांवर पाणी. मागच्या पौर्णिमेइतकंच." मग म्हणाले, "कुओं का कुछ लिखा है, अप्पा. किसका काम है ये?"

"जुनी फाईल असेल. प्रिंटरच्या मेमरीत अडकलेली."

"नीचे शेरा है." त्यांनी भिंग नीट केलं. "लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आपल्या गावाला टँकर नाही."

रेल्वे येऊन थोडेच दिवस झाले होते. दादाराव मार्गशीर्षात गेले होते.

गफूरभाईंनी कागद माझ्या हातात दिला, आपल्या जागी जाऊन बसले, आणि त्या दिवशी त्यांनी एकही घड्याळ उघडलं नाही. मी परत टेस्ट पेज दिलं. चिन्ह, चौकट, चार ओळी इंग्रजी. पुन्हा दिलं. तेच.

मी काय केलं ते लिहितो. तो कागद टेबलावरच्या काचेखाली, कॅलेंडरच्या मागे सरकवला. आणि गप्प बसलो.

पुढचा महिना कसा गेला ते मलाच माहीत. जेवण जायचं नाही. दुकानात बसलो की काचेवर हात ठेवायचा नाही, असं करायचो. मशीनसमोरून जाताना अंग चोरायचो. कारणं मात्र शोधत राहिलो. प्रिंटरच्या मेमरीत राहिलं म्हणावं, तर ती वीज गेली की रिकामी होते, आणि तो महिनोन्महिने बंद होता. कागदावर आधीचे वळ म्हणावेत, तर गठ्ठा मीच फोडलेला. कुणी खोडी काढली म्हणावी, तर तो फॉन्ट त्या मशीनवर नव्हताच. मीच पुसला होता.

एकदा गफूरभाई एवढंच म्हणाले, "अप्पा, एक बात पूछूं? उस लडकी को तुमने जो बोला, वो सच था?"

"का विचारता?"

"जबसे कागज आया, तबसे तुम मशीन से नहीं, उस लडकी से डरते हो."

मी पुढच्या गिऱ्हाइकाचा अर्ज टाईप करायला घेतला.

वैशाख पौर्णिमा आली. सकाळी साडेनऊला दुकान उघडलं आणि ठरवलं की आज छडा लावायचा. मशीन उघडलं, हार्ड डिस्कची वायर काढली, डिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवली. आत आता काहीच नव्हतं – दादारावांचं नाही आणि मी बसवलेलंही नाही. सीडी घातली, नुसतं चालवून बघा. प्रिंटर जोडला. कोरा कागद. टेस्ट पेज.

डोकं त्याच चालीनं हललं. थांबत थांबत.

या वेळी गफूरभाईंना हाक मारावी लागली नाही, ते मागेच उभे होते. "वैशाख पौर्णिमा," त्यांनी वाचलं. "मारुतीची, खोदकाम बावन्न फूट, तळाला खडक. शाळेची, कोरडी. पाटलाची, कोरडी. चिंचेची..." ते थांबले. "आगे कुछ नहीं. जागा छोडी है. नीचे शेरा – चिंचेची विहीर मोजायची राहिली."

गफूरभाईंनी कागद काचेवर ठेवला. मग त्यांनी माझ्या मोटारसायकलची किल्ली खिळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवली.

"मैं देखता दुकान."

दोन्ही कागद शर्टाच्या आत घातले आणि निघालो. गावाच्या अलीकडे मारुतीच्या विहिरीवर पौर्णिमेमुळे काम बंद होतं. एक म्हातारा काठावर बसून आत खडे टाकत होता. मी गाडी थांबवून विचारलं, "किती खोल गेली?"

"बावन्न फूट," तो म्हणाला. "खाली निव्वळ खडक लागलाय बगा. दोन दिवस झालं, पहार बी आत शिरना. लई मानसं राबली फुकट."

विहारात बुद्धपौर्णिमेची वंदना नुकतीच संपली होती. पांढऱ्या साडीत सुजाताताई खीर वाढत होत्या. मला पाहून त्यांना नवल वाटलं.

"अप्पा? मशीन घेऊन आलात की काय?"

"ताई, बाबांचा टेप आहे का?"

त्यांनी कारण विचारलं नाही. खिरीचं पातेलं दुसरीच्या हाती दिलं, घरातून पिशवी आणली. आम्ही वस्तीमागे गेलो. चिंचेखाली कठडा ढासळलेली, काट्याकुट्यांनी अर्धी झाकलेली विहीर. ताईंनीच टेपला खडू फासला, वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या सराईतपणानं. टेप सोडला, ओढला, ओल्या खडूवर नख ठेवलं.

"चौतीस," त्या म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, "बाबांचा शेवटचा आकडा चौतीसच होता. दवाखान्यात सांगितला होता मला. थंडीतबी चौतीस, अन् आता वैशाखातबी."

मी शर्टातून चैत्राचा कागद काढला, चिंचेच्या कवडशात तिरपा धरला, ओळीवर बोट ठेवलं. मग दुसरा. त्यांनी दोन्ही वाचले. खडूचे पांढरे हात कागदाला लागले आणि वळ आणखी स्पष्ट झाले.

"हे कुठून आलं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. आजही मला तेवढंच सांगता येतं. ते मशीन पुढं विहारात गेलं, लेकरं त्यावर शिकली, प्रिंटरला नवी रिबन बसली. त्यानं पुन्हा कधी न सांगितलेलं छापलं नाही. लातूरच्या दोन जाणकारांना विचारलं. एकानं अशक्य म्हटलं, दुसऱ्यानं माझ्याकडे बघून पाणी प्यायला दिलं.

"पण ताई, एक माहीत आहे," मी म्हणालो. "डिस्क गेलेली नव्हती. फायली चांगल्या होत्या. मी उघडल्या, मला त्या कचरा वाटल्या, आणि तुम्हाला न विचारता पुसल्या. मग तुमच्यापुढं खोटं बोललो."

त्यांनी टेप गुंडाळायला घेतला. पूर्ण गुंडाळून होईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला इथं चिंचेखाली कशाला सांगायलात?" त्या म्हणाल्या. "जिथं माझ्यावर हसले, तिथं सांगा."

मारुतीच्या पारावर लोक जमायला संध्याकाळचे पाच वाजले. खडक लागल्यामुळं पुढं काय करायचं याचीच बैठक होती. बालाजीराव होते, साठेक माणसं होती, सगळ्यांच्या हातांना फोड. सुजाताताई बायकांच्या बाजूला, मागे उभ्या राहिल्या. मी कागद दाखवले नाहीत. ते दाखवले असते तर सगळे कागदाविषयीच बोलत बसले असते.

मी टोपी काढली.

"मी चाकूरचा टायपिंगवाला," मी म्हणालो. "दादारावांनी बारा-तेरा वर्षं लिहिलेले आकडे त्या मशीनमध्ये होते. सुजाताताई खरं बोलत होत्या. ते माझ्या हातानं पुसले गेले, आणि मशीन खराब होतं असं मी त्यांना खोटं सांगितलं. त्या खोट्यापायी तुम्ही त्यांना हसलात आणि दीड महिना कोरडी विहीर खोदलीत. चिंचेची विहीर आज मोजली, चौतीस फुटांवर पाणी आहे, कुणीही टेप घेऊन या आणि मोजा. ताई, दादाराव असते तर आधी त्यांच्या पाया पडलो असतो. मला माफ करा."